अंडाशयातील मोठी गाठ : निदान ते शस्त्रक्रिया यांमधील काळ

अंडाशयात मोठी गाठ असल्याचे निदान झाल्यावर ती लगेच दुसऱ्या दिवशी काढली जाते असे क्वचितच घडते. अंगात रक्त कमी असेल तर हिमोग्लोबिन वाढवावे लागते, साखर किंवा रक्तदाब आटोक्यात आणावा लागतो, सोनोग्राफीत शंका राहिली असेल तर एमआरआय किंवा सीटी स्कॅन करावा लागतो, भूलतज्ज्ञाची तपासणी व्हावी लागते, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खर्च भागवायचा असेल तर पूर्वमंजुरी यावी लागते आणि एवढे सगळे जुळल्यावरही मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख मिळावी लागते. हा काळ काही दिवसांचा, कधी काही आठवड्यांचा असतो. या काळात रुग्ण स्त्रीची आणि तिच्या घरच्यांची काळजी बहुधा दोन आकड्यांभोवती फिरत राहते : गाठीचा सेंटीमीटरमधील आकार आणि सीए-१२५ या रक्ततपासणीचा निकाल. हे दोन्ही आकडे जितके भीतिदायक दिसतात तितके बोलके नसतात, आणि ज्या गोष्टींकडे खरोखर लक्ष द्यायला हवे त्या अहवालाच्या ठळक अक्षरांत बहुतेक वेळा नसतात.

प्रजननक्षम वयातील स्त्रीचे अंडाशय साधारण तीन सेंटीमीटर लांब असते आणि पाळी कायमची थांबल्यावर ते आणखी आक्रसते. एवढ्याशा अवयवातून वीस-पंचवीस सेंटीमीटरची गाठ कशी वाढू शकते, हा पहिला प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर अंडाशयाच्या जागेत आहे. कवटीतील मेंदूभोवती हाडाची भिंत असते, त्यामुळे तेथील लहानशी गाठही लवकर त्रास देते. अंडाशय मात्र ओटीपोटात बंधांच्या आधाराने सैलसर राहिलेले असते, वाढणारी गाठ ओटीपोटातून वर सरकते, आतडी बाजूला होतात आणि पोटाची भिंत हळूहळू ताणली जाते. ही वाढ मंद असल्याने शरीर तिच्याशी जुळवून घेते, आणि परकराची नाडी पूर्वीच्या गाठीवर बसेनाशी होणे, दोन घासांतच पोट भरणे, वारंवार लघवीला जावे लागणे, बद्धकोष्ठ किंवा पोट फुगल्यासारखे वाटणे एवढ्याच तक्रारी कित्येक महिने असतात. वजन वाढले, पित्त झाले, वयामुळे पोट सुटले अशी कारणे घरात आणि कधीकधी दवाखान्यातही दिली जातात. म्हणून इतके दिवस लक्षात कसे आले नाही, असा दोष स्वतःला लावून घेण्याचे रुग्णाला काहीच कारण नसते.

आकाराच्या आकड्यात एक गणिती फसवणूकही दडलेली असते. सोनोग्राफीच्या अहवालात ‘१८ × १५ × १२ सेंमी’ अशी तीन मापे असतात. या तिन्हींचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणले की गाठीचे घनफळ अंदाजे मिळते, जे येथे सुमारे १.७ लिटर भरते. गोल गाठीचा व्यास दुप्पट झाला तर तिचे घनफळ आठपट होते, म्हणजे दहा सेंटीमीटरच्या गाठीत अर्ध्या लिटरहून किंचित अधिक ऐवज असतो, तर वीस सेंटीमीटरच्या गाठीत चार लिटरांहून अधिक. उलट, दोन निरनिराळ्या केंद्रांवर केलेल्या सोनोग्राफीत व्यासात एखाद्या सेंटीमीटरचा फरक आला तर गाठ वाढलीच असे म्हणता येत नाही, कारण मोठी गाठ यंत्राच्या एका चौकटीत मावत नाही, मोजणारी व्यक्ती आणि मोजण्याची पातळी बदलते आणि फरक मापनातलाच असू शकतो. प्रतीक्षेच्या काळात मनाच्या समाधानासाठी दर आठवड्याला सोनोग्राफी करून घेण्याने नवी माहिती फारशी मिळत नाही. नवी धास्ती मात्र मिळते.

मोठी गाठ म्हणजे कर्करोगाची गाठ, हा समज सर्वांत घट्ट आणि सर्वांत कमी आधार असलेला आहे. अंडाशयातील महाकाय गाठींचा मोठा भाग म्युसिनस सिस्टॅडिनोमा या प्रकाराचा असतो, म्हणजे बुळबुळीत, चिकट द्रव स्रवणाऱ्या पेशींच्या अस्तराची, अनेक कप्प्यांची आणि बहुधा निरुपद्रवी अशी गाठ. सिरस सिस्टॅडिनोमा या दुसऱ्या प्रकारात पाण्यासारखा पातळ द्रव असतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयात ऑक्टोबर १९९१ मध्ये कॅथरिन ओहॅनलन यांनी अखंड काढलेली अंडाशयाची गाठ १३७.६ किलो वजनाची होती, आणि तीही अनेक कप्प्यांची, द्रवाने भरलेली अशीच होती. तरुण स्त्रियांत वारंवार आढळणारी डर्मॉइड ही गाठ बीजपेशींपासून बनते, त्यामुळे तिच्यात चरबी, केस, क्वचित दातही सापडतात; हे ऐकायला विलक्षण वाटले तरी तिचे कर्करोगात रूपांतर होण्याचे प्रमाण शेकडा एक ते दोन एवढेच आहे. एंडोमेट्रिओसिस या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती अंडाशयात वाढते आणि तेथे साचलेल्या जुन्या रक्ताची गाठ बनते, जिला तिच्या रंगावरून चॉकलेट सिस्ट म्हणतात. अंडाशयाचा कर्करोग असलेल्या गाठीही मोठ्या असतात हे खरे, परंतु पाच-सहा सेंटीमीटरची घन गाठ तीस सेंटीमीटरच्या पातळ भिंतीच्या पाण्याच्या गाठीपेक्षा अधिक चिंतेची असू शकते.

तेव्हा अहवालात आकाराच्या पुढची वाक्ये वाचायला हवीत. गाठीत एकच कप्पा आहे की अनेक, कप्प्यांमधील पडदे पातळ आहेत की जाड, आतल्या भिंतीवर अंकुरांसारखे उंचवटे आहेत का, द्रवाबरोबर घन भाग आहे का आणि त्या घन भागात डॉपलर तपासणीत रक्तप्रवाह दिसतो का, दोन्ही अंडाशये बाधित आहेत का, पोटात मोकळे पाणी साचले आहे का, हे ते मुद्दे होत. एकाच कप्प्याची, गुळगुळीत पातळ भिंतीची, दहा सेंटीमीटरपर्यंतची निव्वळ द्रवाची गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता शेकडा एकाहूनही कमी असते. याउलट अनियमित घन भाग, त्यात भरपूर रक्तप्रवाह आणि पोटात पाणी ही लक्षणे एकत्र दिसली तर गाठ लहान असली तरी पुढची पावले वेगळी पडतात.

दुसरा आकडा सीए-१२५ चा. हे एक प्रथिन असून अमेरिकेतील रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी ते ओळखणारे प्रतिपिंड तयार केले. ३५ एककांपर्यंतची पातळी सर्वसाधारण मानली जाते. हे प्रथिन केवळ कर्करोगाच्या पेशी बनवत नाहीत. पोटाचे आणि छातीचे आतील आवरण चिडले की तेही ते स्रवते, त्यामुळे पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्ये, फायब्रॉइडमध्ये, ओटीपोटाच्या संसर्गात आणि यकृताच्या आजारात ही पातळी वाढते. भारतात आणखी एक कारण ध्यानात ठेवावे लागते, ते म्हणजे पोटाचा क्षयरोग : पोटात पाणी, वजनात घट, अंडाशयाजवळ गोळा आणि सीए-१२५ कित्येक पटींनी वाढलेले असे हुबेहूब कर्करोगाचे चित्र क्षयरोगातही दिसू शकते आणि ऊतीच्या तपासणीनंतर ते गोळ्यांनी बरे होणारे दुखणे ठरते. दुसऱ्या बाजूने, अंडाशयापुरत्याच मर्यादित असलेल्या पहिल्या टप्प्यातील कर्करोगात जवळपास निम्म्या स्त्रियांची ही पातळी सर्वसाधारण असते. वाढलेला आकडा म्हणजे कर्करोग नव्हे आणि न वाढलेला आकडा म्हणजे निर्धास्ती नव्हे, असा हा दुधारी निकाल आहे.

या त्रुटीवर उपाय म्हणून इयान जेकब्स आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये जोखीम निर्देशांकाचे एक साधे सूत्र मांडले, ज्यात सोनोग्राफीचे गुण, पाळीच्या स्थितीचे गुण आणि सीए-१२५ ची पातळी यांचा गुणाकार करतात. अनेक कप्पे, घन भाग, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी आणि इतरत्र पसरल्याच्या खुणा या पाच लक्षणांपैकी एकही नसेल तर शून्य, एक असेल तर एक आणि दोन किंवा अधिक असतील तर तीन गुण; पाळी चालू असेल तर एक, थांबलेली असेल तर तीन. बत्तीस वर्षांच्या एखाद्या स्त्रीला चॉकलेट सिस्ट असून अनेक कप्पे हे एकच लक्षण आणि सीए-१२५ दीडशे असेल तर निर्देशांक १५० येतो, तर पाळी थांबलेल्या, दोन लक्षणे असलेल्या स्त्रीचे सीए-१२५ केवळ ६० असले तरी तो ५४० होतो. साधारणपणे २०० च्या वरचा निर्देशांक संशयास्पद धरला जातो. रक्ताचा अहवाल हाती पडताच मोबाइलवर अर्थ शोधणाऱ्या पहिल्या स्त्रीची झोप उडते आणि दुसरी ‘थोडेच वाढले आहे’ म्हणून निवांत राहते, तेव्हा दोघींचेही अनुमान उलटे असते. फार तरुण मुलींमध्ये तर सीए-१२५ पेक्षा एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या तपासण्या अधिक महत्त्वाच्या ठरतात, कारण त्या वयातील घातक गाठी बहुधा बीजपेशींच्या असतात.

गाठीत पाणीच असेल तर सुईने ते काढून का टाकू नये, ही शंका जवळजवळ प्रत्येक घरात निघते आणि ती नवी नाही. लंडनच्या बनहिल फील्ड्स या दफनभूमीत १७२८ मध्ये निवर्तलेल्या मेरी पेज या स्त्रीच्या समाधीवर तिच्या आजाराचा हिशेब कोरलेला आहे : ६७ महिन्यांत ६६ वेळा पोटातून पाणी काढले आणि एकूण २४० गॅलन, म्हणजे सुमारे नऊशे लिटर, पाणी निघाले. पाणी साचवणारी मूळ विकृती तशीच राहिली तर ते पुन्हा साचते, एवढे त्या शिळेवरून कळते. आजच्या वैद्यकाचा आक्षेप याहून गंभीर आहे. गाठ कर्करोगाची निघाली तर सुईच्या छिद्रातून सांडलेला द्रव तिच्या पेशी पोटात पसरवू शकतो, आणि अंडाशयापुरता असलेला कर्करोग शस्त्रक्रियेत गाठ फुटल्यास वरच्या उपटप्प्यात मोजला जातो. शिवाय काढलेल्या पाण्यात घातक पेशी न सापडल्याने गाठ निरुपद्रवी ठरत नाही. म्हणून संशयास्पद गाठीला सुई न लावता ती अखंड बाहेर काढणे हेच धोरण असते.

पोट उघडून अंडाशयाची गाठ काढण्याची परंपरा डिसेंबर १८०९ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात डॅनव्हिल या गावी सुरू झाली. जेन टॉड क्रॉफर्ड या सेहेचाळीस वर्षांच्या आसपासच्या स्त्रीचे पोट इतके वाढले होते की तिचे बाळंतपण लांबले आहे असेच समजले गेले. एफ्रेम मॅक्डॉवेल यांनी तपासून गर्भ नसून अंडाशयाची गाठ असल्याचे सांगितले आणि अशी शस्त्रक्रिया पूर्वी यशस्वी झालेली नाही हेही स्पष्ट केले. तिने होकार दिला, साठ मैल घोड्यावरून प्रवास केला आणि भूल देण्याची विद्या अवतरण्याच्या सदतीस वर्षे आधी, टेबलावर शुद्धीत असतानाच, पंचवीस मिनिटांत तिची सुमारे दहा किलोंची गाठ निघाली. पंचवीस दिवसांनी ती घरी परतली आणि पुढे १८४२ पर्यंत जगली. वैद्यकाच्या इतिहासात मॅक्डॉवेल यांच्या धैर्याचे पोवाडे पुष्कळ आहेत. धैर्य मुख्यतः टेबलावरच्या बाईचे होते, हे तितक्या आवर्जून सांगितले जात नाही.

प्रतीक्षेच्या काळात खरी तातडी ज्या गोष्टीमुळे उद्भवते ती म्हणजे गाठीला पीळ पडणे. अंडाशय गर्भाशयाकडे जाणाऱ्या एका बंधाने आणि रक्तवाहिन्या घेऊन येणाऱ्या दुसऱ्या बंधाने धरलेले असते. गाठीच्या वजनाने ते या दोन बंधांभोवती फिरले तर ओला कपडा पिळावा तसे बंध पिळले जातात. पातळ भिंतीच्या नीला आधी दाबल्या जातात, म्हणून रक्त आत येत राहते पण बाहेर पडत नाही, अंडाशय सुजते आणि पुढे धमनीतील प्रवाहही थांबतो. पाच सेंटीमीटरहून मोठ्या, हलत्या आणि जड गाठींमध्ये, विशेषतः डर्मॉइडमध्ये, हा धोका अधिक असतो. डाव्या बाजूला मोठ्या आतड्याचा वळसा जागा अडवून बसत असल्याने पीळ उजवीकडे अधिक पडतो. सर्व पोट व्यापलेली महाकाय गाठ मात्र फिरायला जागाच नसल्याने कमी वेळा पिळते, म्हणजे या एका बाबतीत मध्यम आकाराची गाठच अधिक दगाबाज असते. ओटीपोटात एका बाजूला एकाएकी उठणारी तीव्र कळ आणि तिच्यासोबत मळमळ किंवा उलट्या ही याची ओळख होय. पीळ अर्धवट पडून सुटत असेल तर कळ येते आणि जाते, त्यामुळे वेदनाशामक गोळी घेऊन सकाळपर्यंत वाट पाहण्याचा मोह होतो. तो टाळून त्याच रात्री रुग्णालय गाठावे, कारण वेळेत पीळ सोडवल्यास काळेनिळे पडलेले अंडाशयही पुष्कळदा वाचते. डॉपलरमध्ये रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाही, असेही म्हणता येत नाही.

गाठ फुटल्यास किंवा तिच्यात रक्तस्राव झाल्यास सगळे पोट दुखू लागते, ते हाताला कडक लागते, घेरी येते. ताप, लघवी अडणे, वायूही न सरता उलट्या होत राहणे यांनाही ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. मोठ्या गाठीचा दाब पोटातील मोठ्या नीलांवर पडून पायांतील रक्त संथ होते आणि तेथे गुठळी होऊ शकते. गाठ कर्करोगाची असेल तर ही शक्यता आणखी वाढते. एकच पोटरी सुजणे, दुखणे, गरम लागणे किंवा अचानक दम लागणे हे त्याचे इशारे आहेत. उताणे झोपल्यावर घाबरे होत असेल किंवा चक्कर येत असेल तर डाव्या कुशीवर वळल्याने नीलेवरचा भार हलका होतो आणि बरे वाटते. अंथरुणाला खिळून राहिल्याने पीळ टळतो याला आधार नाही, उलट गुठळीचा धोका वाढतो; घरातली नेहमीची हालचाल आणि चालणे चालू ठेवावे, उड्या आणि जड ओझी तेवढी टाळावीत.

येथे एका प्रचलित उपचाराविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. पोटात गोळा आला किंवा बेंबी सरकली असे म्हणून जाणत्या बाईकडून पोट चोळून घेण्याची पद्धत गावांतच नव्हे तर शहरांतही आहे, आणि पातळ भिंतीची मोठी गाठ पोटात असताना ती सरळसरळ धोकादायक आहे. गाठ विरघळवणाऱ्या पुड्या आणि काढे यांचे नुकसान वेगळ्या प्रकारचे असते. पाळीच्या चक्रात तयार होणाऱ्या लहान गाठी दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतात आणि त्याचे श्रेय त्या वेळी जे औषध चालू असेल त्याला मिळते. सिस्टॅडिनोमा किंवा डर्मॉइड मात्र कोणत्याही पॅथीच्या औषधाने, अगदी गर्भनिरोधक गोळ्यांनीही, विरघळत नाही.

शस्त्रक्रियेची तयारी या दिवसांत घरीच सुरू होते. लोहाच्या गोळ्यांनी किंवा शिरेतून दिलेल्या लोहाने हिमोग्लोबिन वाढवणे, तीन रंगीत चेंडूंच्या फुप्फुस-व्यायामाच्या यंत्राने सावकाश श्वास आत ओढण्याचा सराव करणे, तंबाखू किंवा मिश्री पूर्ण बंद करणे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी थांबवायच्या हे स्वतः न ठरवता विचारून घेणे, या साध्या गोष्टींनी पुढचे दिवस सोपे जातात. उपाशीपोटी राहण्याच्या नियमात चहाची गफलत नेहमी होते : भुलेच्या दोन तास आधीपर्यंत नितळ पाणी सर्वसाधारणपणे चालते, पण दुधाचा चहा नितळ पेय मानला जात नाही, त्याला अन्नाप्रमाणेच सहा तासांचा नियम लागतो; मोठ्या गाठीने जठर दाबलेले असल्यास भूलतज्ज्ञ याहून अधिक वेळ सांगतात. फार मोठी गाठ एकदम उचलली गेली की दाबलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होऊन रक्तदाब घसरू शकतो, म्हणून अशी शस्त्रक्रिया अनुभवी भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग हाताशी असेल तेथेच करावी.

सर्वांत महत्त्वाचे बोलणे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी व्हायला हवे, आणि नेमके तेच घाईत उरकले जाते. केवळ गाठ सोलून काढून अंडाशय राखता येईल का, एक अंडाशय काढले तर दुसरे निरोगी आहे का, गर्भपिशवी काढण्याचे काय कारण आहे, हे प्रश्न रुग्ण स्त्रीने स्वतः विचारायचे असतात. एक निरोगी अंडाशय पाळी आणि गर्भधारणा या दोन्हींना पुरेसे असते; दोन्ही काढल्यास मात्र चाळिशीच्या आतही पाळी एका दिवसात थांबते आणि हाडे व हृदय यांवर त्याचे दूरगामी परिणाम होतात. ‘आता उघडलेच आहे तर पिशवीही काढून टाकू’ हे वाक्य महाराष्ट्रात हलक्याने घेण्याजोगे नाही : बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका गाजला की २०१९ मध्ये राज्य शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. कर्करोगाचा दाट संशय असल्यास किंवा पाळी थांबलेली असल्यास गर्भाशय व दोन्ही अंडाशये काढण्याला सबळ कारण असू शकते, पण ते कारण रुग्णाला सांगितले गेले पाहिजे.

याच संभाषणात छेदाचा प्रश्नही येतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत जखमा लहान राहतात, परंतु मोठी गाठ त्या छिद्रांतून काढण्यासाठी ती रिकामी करावी लागते; संशयास्पद गाठीसाठी बेंबीच्या खाली-वर जाणारा उभा छेद दिसायला मोठा असला तरी तोच योग्य असतो. संशय असेल तेव्हा कर्करोगाच्या स्त्रीरोग-शस्त्रक्रियांचे खास प्रशिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाकडे आधीच जावे, कारण पहिल्याच शस्त्रक्रियेत रोगाचा विस्तार नीट तपासला गेला आणि तो पूर्णपणे काढला गेला तर पुढचे आयुर्मान वाढते, आणि अपुऱ्या राहिलेल्या पहिल्या शस्त्रक्रियेची भरपाई दुसरीने पूर्ण होत नाही. अशा ठिकाणी काही आठवडे थांबावे लागले तरी जवळच्या, उद्याच तारीख देणाऱ्या रुग्णालयापेक्षा ते बहुधा हिताचे ठरते. काही महिने मात्र थांबू नये.

शस्त्रक्रिया चालू असताना गाठीचा तुकडा गोठवून वीस-तीस मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्याला फ्रोजन सेक्शन म्हणतात, आणि त्यावर पुढे किती काढायचे ते ठरते. निरुपद्रवी आणि घातक ही दोन टोके त्यात चांगली ओळखू येतात. त्यांच्या मधल्या, बॉर्डरलाइन म्हणवल्या जाणाऱ्या गाठींत आणि मोठ्या म्युसिनस गाठींत मात्र ते चुकू शकते, कारण वीस सेंटीमीटरच्या गाठीतून दोन-चार तुकडेच इतक्या अवधीत पाहून होतात. अंतिम निकाल हिस्टोपॅथॉलॉजीच्या अहवालातूनच मिळतो आणि त्याला आठवडा-दहा दिवस लागतात. बॉर्डरलाइन गाठींना बहुधा केमोथेरपी लागत नाही, पण त्या वर्षानुवर्षांनी परत उद्भवू शकत असल्याने तपासण्या दीर्घकाळ चालू ठेवाव्या लागतात. डर्मॉइड शेकडा दहा ते पंधरा स्त्रियांत दोन्ही बाजूंना असते, त्यामुळे तिचा अहवाल निर्धोक आला तरी राखलेल्या अंडाशयाची सोनोग्राफी डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने करून घ्यावी लागते.